दोन आजोळांच्या मधली वाडी

आजींच्या ओट्याशेजारी, मिक्सरच्या वर, कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाच्या फुल्या, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींचे खाडे हे कुणाच्याही घरी असतं तसं इथंही आहे. त्याखेरीज शनिवार-रविवारच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं. ‘दोघं’. ‘चौघं’. ‘फक्त पिल्लू, रात्रीसुद्धा’. ‘सगळे, विहीणबाई धरून’. एका रविवारी माणसांचा आकडाच नाही, नुसतंच ‘मासवडी’. मी विचारलं, त्या दिवशी कोण आलं होतं? आजी म्हणाल्या, "मासवडी म्हटल्यावर मोजायचं नसतं ताई. पुरवायचं असतं."

विश्रांतवाडीच्या चौकातून टिंगरेनगरच्या बाजूला आत शिरलं की एका अरुंद गल्लीत हे घर आहे. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. आजही ते ‘मी ॲम्युनिशनला होतो’ एवढंच सांगतात आणि इकडच्या ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. तो कारखाना १८६९ सालचा. खडकी, दिघी, कळस, लोहगाव या पट्ट्यात लष्कर, त्याचे कारखाने, संरक्षण संशोधनाची संस्था आणि हवाई दलाचा तळ. विश्रांतवाडीतल्या एका अख्ख्या पिढीनं या नोकऱ्यांच्या पगारावर आणि पीएफमधून उचललेल्या पैशांवर घरं बांधली. त्यांची मुलं कॉम्प्युटरकडे वळली आणि खराडी, विमाननगर, धानोरी, वाकड अशी पांगली. नातवंडं मात्र शनिवारी इथं येतात. दहा-अकराच्या सुमाराला गल्लीत गाड्या लागायला लागतात, डिकी उघडते, आणि माणसांच्याही आधी उतरतात ते मागच्या आठवड्यातले डबे.

आमच्या लहानपणी आजोळ मे महिन्यात असायचं. परीक्षा संपल्या की लाल डब्याच्या एसटीनं पोरांना पोचवून यायचं आणि शाळा उघडायच्या आठवड्यात आणायला जायचं. सलग दीड महिना. आता मोठी नोट मोडून सुट्टे घ्यावेत तसं ते आजोळ मोडून घेतलंय. दीड महिन्याऐवजी बावन्न शनिवार-रविवार. हिशेब केला तर दिवस आताच जास्त भरतात. फक्त ते सलग नसतात, आणि प्रत्येक वेळी रविवारी रात्री मूल झोपलेलं असताना उचलून गाडीत घालावं लागतं.

विश्रांतवाडीला आजोळाचा शेजारही मोठा लाभलाय. इथून पाच-सहा किलोमीटरवर लोहगाव, म्हणजे तुकोबांचं आजोळ. विमानतळाच्या पाटीमुळे ते नाव सगळ्या देशाला ठाऊक झालं, पण वारकऱ्यांच्या लेखी लोहगाव म्हणजे कनकाईचं माहेर. दुसऱ्या बाजूला आळंदी रस्ता सरळ गेला की आळंदी. तिथं माउलींची समाधी आहे तसंच त्यांचं आजोळघरही आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी देवळातून निघते ती लगेच पंढरीच्या वाटेला लागत नाही. पहिल्या रात्रीचा मुक्काम आळंदीतच, आजोळघरी. सातशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेला नातू लांबच्या प्रवासाला निघताना एक रात्र आजोळी काढतो आणि सकाळी पुण्याची वाट धरतो. ती वाट विश्रांतवाडीतूनच जाते. दोन आजोळांच्या मधे वसलेल्या या वाडीला जर शनिवार-रविवारी स्वतःलाच आजोळपण आलं असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

यंदा, २०२५ साली, पालखी १९ जूनला निघाली आणि २० जूनला, शुक्रवारी, पुण्यात आली. आळंदी रस्ता बंद. एरवी बीआरटीच्या थांब्यांमधून बसगाड्या धावतात तिथं टाळमृदंग, आणि दोन्ही कडांना टेबलं, त्यांवर केळी, पोहे, राजगिऱ्याचे लाडू, चहाची पिंपं. ज्यांना घरून काम करता येतं त्यांनी केलं, ज्यांना येत नाही त्यांनी रजा टाकली, आणि नातवंडं एक दिवस आधीच मुक्कामाला आली. एका चार वर्षांच्या विठोबाच्या मिशा घामानं ओघळल्या होत्या. कमरेवर हात ठेवून उभं राहायचं त्याला शिकवलं होतं, पण त्याच्या आजीनं करून आणलेल्या दशम्यांची टोपली समोर होती आणि हात कमरेवर राहीना. दशम्या दुधात कणीक भिजवून केल्या की दोन-तीन दिवस टिकतात, वाटचालीत खराब होत नाहीत, म्हणून या घरात पालखीला दशम्याच देतात. बिस्किटांचे पुडे वाटायला सोपे पडतात, असं सुनेनं सुचवून पाहिलं होतं. आजींनी सुनेचंही ऐकलं. दशमीबरोबर पुडाही दिला.

तर हा शनिवार-रविवार. तो आपल्याकडे काही आभाळातून पडलेला नाही. रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली आणि पुढची काही वर्षं आठवड्याच्या सुट्टीसाठी अर्ज, सभा, मागण्या चालवल्या. १८९० च्या एप्रिलमधल्या त्यांच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्या लोकांना कुलदैवताचं करायचं असतं, असं लोखंडे मालकांना सांगत, ही गोष्ट कामगार चळवळीत अजून सांगतात. सुट्टी मागायला देवाची आणि घरच्या स्वयंपाकाची साक्ष काढावी लागली, हे मला फार आपलं वाटतं. शनिवार बराच उशिरा आला. केंद्र सरकारी कचेऱ्यांना १९८५ मध्ये, राज्य सरकारच्या कचेऱ्यांना तर थेट २९ फेब्रुवारी २०२० पासून. महिनाभरात टाळेबंदी लागली आणि सगळेच वार सारखे झाले, तो भाग वेगळा.

पण विश्रांतवाडीत सगळ्यांचा रविवार रविवारी येत नाही. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारची. पुण्यात वीजदुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवायचा तोही गुरुवारीच, त्यामुळे या शहरातल्या कारखान्यातल्या माणसाचा गुरुवार हा हक्काचा. भोसरीत सीएनसी मशीनवर काम करणारा एक गृहस्थ धानोरीच्या रस्त्याला राहतो. बायको खासगी दवाखान्यात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. दोन मुली, सहा आणि तीन वर्षांच्या. तो म्हणाला, "आमचा रविवार म्हणजे कोडं आहे. मुलींना सुट्टी रविवारी, मला गुरुवारी, हिला आठवड्यातनं कधीतरी. एकत्र जेवण म्हणजे योग." त्यातही त्याच्या घरी गुरुवार पाळतात. दत्ताचा वार, मटण शिजत नाही. सुट्टी असते त्या दिवशी मटण नाही, मटण असतं त्या दिवशी सुट्टी नाही.

या कोड्याचं उत्तर त्याच्या आईनं काढलंय. ती जवळच, मुंजाबा वस्तीत राहते. रविवारी तो पहिल्या पाळीला जातो, तेव्हा मुली सकाळीच आजीकडे पोचतात आणि मटण संध्याकाळी शिजतं. दुपारी चारला तो परत येतो, आंघोळ करतो, मग खाटकाच्या दुकानी जातो. सकाळची रांग त्याला चुकते, पण नल्ल्याही हुकतात. या बाबतीत तो मनापासून दुःखी होता.

त्यांच्याकडे मी दोन रविवार जेवले, त्यामुळे त्या मटणाविषयी थोडं सविस्तर लिहिते. मटण आधी नुसतं हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं. ते जे पिवळसर, वर तुपासारखे डोळे तरंगणारं पाणी तयार होतं ते अळणी. मसाला पडायच्या आधी त्यातलं थोडं मुलांसाठी काढून ठेवायचं. इंद्रायणीचा भात मऊ करायचा आणि त्यावर हे अळणी, हातानं कुस्करलेले दोन मऊ तुकडे. धाकटी तेवढंच खाते. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आला. आंबेमोहराच्या कुळातला, चिकट, सुवासिक. कालवून मुलाच्या तोंडात घालायला याच्याइतका सोयीचा भात दुसरा नाही, हे माझं मत आणि पुणे जिल्ह्यातल्या बहुतेक आज्यांचं. अळणी निघालं की मग खोबरं-कांदा भाजून केलेलं वाटण, घरचं काळं तिखट, आणि मोठ्यांचा रस्सा. थोरली मुलगी यंदा पहिलीत गेली. त्या रविवारी तिनं पहिल्यांदा सांगितलं, मला अळणी नको, मोठ्यांचं पाहिजे. आजीनं वाटीच्या तळाला लागेल इतका रस्सा वाढला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, ती पाणी प्यायली, आणि ‘तिखट नाहीये’ म्हणाली. बापानं खाली मान घालून भाकरी मोडली. हसू आवरत होता बहुतेक.

यंदाची दीप अमावस्याही नेमकी गुरुवारी, २४ जुलैला आली. श्रावण लागायच्या आधीचं शेवटचं मटण अमावस्येलाच खायचं तर गुरुवार आडवा. विश्रांतवाडीनं मुकाट्यानं आधीचा रविवार, २० जुलै, धरला. त्या दिवशी खाटकाच्या दुकानापुढे सकाळी सातलाच दुचाक्यांची रांग होती, आणि रांगेत निम्मे आजोबा.

पंचांग आणि आठवडा यांचं हे भांडण वर्षभर चालू असतं, आणि त्यातून कोण जिंकतं हे पाहायला मला आवडायला लागलंय. काही सण वाकतात. बारसं बाराव्या दिवशी करायचं ते आता बाराव्या दिवसानंतरच्या रविवारी होतं. घुगऱ्या त्याच, पाळणा मात्र भाड्यानं आणलेला, मागे फुग्यांची कमान. बोरन्हाण मुळातच सोयीचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. यंदा संक्रांत १४ जानेवारीची आणि रथसप्तमी ४ फेब्रुवारीची, म्हणजे मधे तीन शनिवार-रविवार मिळाले. एका सोसायटीत तर एकाच रविवारी दोन मजल्यांवर दोन बोरन्हाणं होती, आणि तीच आठ-दहा मुलं खालून वर गेली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं मूल आणि डोक्यावरून मापानं ओतलेली बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा. दीड वर्षाचं मूल बहुधा रडतं. पाच वर्षांची मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत, ती सतरंजीवर पालथी पडलेली असतात. हल्ली त्यात चॉकलेटं टाकतात. मुलं आधी चॉकलेटं वेचतात, मग करवे, आणि बोरं शेवटी झाडूनं गोळा होतात. खालच्या मजल्यावरच्या आजींनी यावर काढलेला तोडगा मला पटला. त्यांनी चॉकलेटं घातलीच नाहीत, आणि मुलांना घरी जाताना वेगळी दिली. बोरं संपली.

भोंडल्याचं तसंच. यंदा घट २२ सप्टेंबरला बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे नवरात्रात शनिवार-रविवार एकच. त्या शनिवारी संध्याकाळी जिथं पार्किंगमध्ये जागा मिळाली तिथं पाटावर हत्ती काढून फेर धरले गेले. मुलांना गाणी येत नाहीत. पण खिरापत ओळखायला सगळी पुढे. डबा हलवून आवाज ऐकायचा, झाकणाला नाक लावायचं. एका मुलानं सलग आठ वेळा ‘पास्ता’ सांगितलं, इतक्या खात्रीनं, की नवव्या वेळी त्याच्या आजीला वाईट वाटलं. डब्यात वाटली डाळ होती.

वाढदिवसाचं काय सांगावं. एका मुलाचे वर्षाला तीन वाढदिवस होतात. तारखेला पाळणाघरात किंवा शाळेत, शनिवारी हॉलमध्ये पाहुण्यांसकट, आणि तिथीला आजीकडे औक्षण. तिसरा कुणाच्या फोनमध्ये सापडत नाही. त्यात कुकरमध्ये वाळू घालून भाजलेला रव्याचा केक असतो, वर साखरेचा थर नसतो, आणि नातू तो ‘तपकिरी केक’ म्हणून खातो.

आणि काही सण अजिबात वाकत नाहीत. गौरी नक्षत्रावर येतात, तिथं कुणाचं काही चालत नाही. यंदा आवाहन ३१ ऑगस्टला, रविवारी होतं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, पण जेवण असतं पूजनाच्या दिवशी आणि तो सोमवार निघाला. चौदा एप्रिलही वाकत नाही. विश्रांतवाडीत, फुलेनगरात, येरवड्यात बाबासाहेबांची जयंती तारखेलाच होते, मग तो सोमवार असो की बुधवार. रविवार मात्र इथल्या बौद्ध घरांतही वेगळा दिसतो. सकाळी मुलांना पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला न्यायचं, घरी परतल्यावर खीर. एका बाईंनी मला सांगितलं की त्यांच्या सासूबाई वैशाख पौर्णिमेला करतात तशी तांदळाची खीर दर महिन्याच्या एका रविवारी करतात, कारण नातवाला त्रिशरण पाठ झालं ते खिरीच्या आमिषानं, आणि आता आमिष काढून घेता येत नाही.

पण माझा या वर्षातला सर्वांत आवडता रविवार एप्रिलमधला, आणि त्याला कुठलाही सण नव्हता. मासवडीवाल्या आजींकडे कुरडया होत्या.

कुरडई एका दिवसात होत नाही आणि नातवंडं फक्त रविवारी असतात, म्हणून आजींनी उलटं मोजलं. रविवारी पहाटे चीक शिजवायचा तर शनिवारी गहू वाटून, गाळून, चीक रात्रभर निवळायला ठेवायचा. त्याआधी तीन दिवस गहू भिजायला हवेत, रोज पाणी बदलून. म्हणजे गहू बुधवारी रात्री भिजत घातले. तीन दिवस घरात आंबूस वास होता, आजोबा गॅलरीत पेपर वाचत बसले. शनिवारी दुपारी लेक आल्या आल्या कामाला जुंपली गेली. ती एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते, तिच्या हाताखाली पंधरा माणसं आहेत. इथं ती फडक्यातून चीक पिळत होती आणि आई तिला सांगत होती, अजून पीळ, पांढरं पाणी येतंय अजून.

रविवारी साडेपाचला मोठं पातेलं चढलं. निवळलेलं पाणी वरून ओतून टाकलं, खाली घट्ट पांढरा चीक. आधणात मीठ, हिंग, मग चीक ओतत लाकडी दांड्यानं घोटायचं, हात थांबला की गुठळी. जावई घोटायला उभे होते, आणि चष्मा वाफेनं धुरकटल्यावर त्यांना कळलं की हे काम अंगाचं आहे. चीक पारदर्शक व्हायला लागला तशी मुलं उठली. त्यांना गरम चीक वाटीत, त्यावर तूप आणि साखर. साडेतीन वर्षांच्या नातवानं चमचा वर उचलला, चीक लांब तारेसारखा वर आला, आणि तो इतका खूश झाला की खायचं विसरून तार काढत राहिला.

गच्चीची किल्ली हा वेगळा विषय. इथल्या एका सोसायटीनं गच्चीवर वाळवणं घालायला बंदी केलीय, पाण्याच्या टाक्यांचं आणि गळतीचं कारण देऊन. कारण खोटं नसेल. पण त्या इमारतीतल्या तीन घरांनी यंदा कुरडया विकत आणल्या, हेही खरं. आजींचं घर बैठं, गच्ची स्वतःची. सातच्या आत प्लास्टिकचे कागद अंथरले, कडांवर विटा. आजी सोऱ्या फिरवत बसल्या, लेक चीक भरत होती, आणि नातवाकडे काठी देऊन कावळ्यांचं खातं सोपवलं. एवढ्यात लोहगावकडून विमान वर चढलं. इथं विमानं अगदी डोक्यावरून जातात, पोटावरची अक्षरं वाचता यावीत इतकी. या भागातल्या आज्यांनी तीस वर्षं या आवाजाचा उपयोग करून घेतलाय. विमान आलं की मूल वर बघतं, वर बघितलं की तोंड उघडतं, आणि त्या क्षणी घास आत जातो. लेकीनंच मला सांगितलं, ‘मी अशीच जेवले.’ नातू वर बघत राहिला, काठी खाली, आणि एक कावळा कुरडईचा वेढा घेऊन शेजारच्या पत्र्यावर गेला.

वाळायला तीन ऊन लागतात. नातवंडं रविवारी रात्री गेली, उन्हाचे उरलेले दोन दिवस आजी-आजोबांनीच राखण केली. नऊ डझन कुरडया झाल्या, त्यातल्या सहा डझन गाडीत बसून गेल्या.

इथं मला एक गोष्ट बोचत राहिली, ती लिहायलाच हवी. शनिवार-रविवार सगळ्यांचा विसावा, असं आपण धरून चालतो. आजींचा विसावा सोमवारी असतो. सोमवारी दुपारी मी दोनदा मुद्दाम त्यांच्याकडे गेले. दार आजोबांनी उघडलं, बोटानं ‘हळू’ अशी खूण केली. आजी पंख्याखाली गाढ झोपलेल्या. ओटा पुसलेला, डबे पालथे घातलेले. कमरेला पट्टा. आजोबा कुजबुजले, "रविवारी विचारलं तर पाय दुखत नाहीत म्हणते. सोमवारी विचारायचं." लेकीलाही हे कळतं. तिनं स्वयंपाकाला बाई लावून देते असं तीनदा सांगून पाहिलं. आजींचं उत्तर, बाईच्या हातचं खायचं तर तुमच्या घरी काय वाईट आहे? यावर लेकीकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. जावई आणि मुलगा यांच्यातलं कुणी शुक्रवारी संध्याकाळी येऊन भाज्या निवडून, खोबरं किसून, डाळ भिजत घालून गेलं तर निम्मं ओझं उतरेल, असं मी आगाऊपणानं सुचवलं. जावई खरंच दोन शुक्रवार आले. तिसऱ्या शुक्रवारी त्यांचं काम आडवं आलं. आजी म्हणाल्या, "दोनदा तरी आले. यांनी चाळीस वर्षांत खोबरं किसलेलं नाही." आजोबा तिथंच होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

त्याच आजींनी पुढच्या वर्षाचं कालनिर्णय हाती यायच्या आधीच अधिक महिना कुणाकडून तरी विचारून घेतलाय. २०२६ चा अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. १७ मे हाच रविवार, त्यामुळे अख्ख्या महिन्यात पाच रविवार येतात. २०२३ च्या अधिक श्रावणात चारच होते, त्यात एक जावयांच्या परदेशवारीत गेला, ही खंत त्यांनी अजून सोडलेली नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, म्हणजे पुन्हा बुधवार. मी म्हटलं, आजी, कंबर? त्या म्हणाल्या, "ते सोमवारी बघू."

दिवाळीतही यंदा पंचांगानं त्यांना एक रविवार मोकळा सोडलाय. शनिवारी धनत्रयोदशी, सोमवारी पहिली आंघोळ, मधला १९ ऑक्टोबर रिकामा. फराळ तोवर झालेला असेल. तो दिवस किल्ल्याचा. माती कळसच्या बाजूनं एका ओळखीच्या प्लॉटवरून पोत्यात आणून ठेवलीय, अळीव पेरायला वाटीभर बाजूला काढलेत, आणि मागच्या वर्षीचे मावळे चपलांच्या खोक्यात आहेत. दोघांच्या तलवारी मोडल्यात. नातवाचं म्हणणं, किल्ल्यावर विमानतळ पाहिजे.

सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी मी त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत होते. आठ वाजले, गाड्यांच्या किल्ल्या निघाल्या, आणि डबे भरायचं सुरू झालं. हिरव्या मिरचीचा ठेचा, भाजणी, मेतकूट, उरलेल्या अळूवड्या, धाकट्यासाठी नाचणीचं सत्त्व. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही हा नियम दोन्हीकडून चालतो, त्यामुळे लेक सकाळी आणताना त्यात काही ना काही घालून आणते. त्या दिवशी बदाम होते. आजींनी ते काढून ठेवले आणि तोच डबा भाजणीनं भरून परत दिला.

थोरली नात सहा वर्षांची. इंग्रजी शाळेत जाते, मराठी अक्षरं आजोबांनी शिकवलीत. ती ओट्यावर बसून एका जुन्या स्टीलच्या वाटीत दहीभात खात होती. जुन्या भांड्यांवर असतात तशी त्या वाटीवर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं. तिनं वाटी फिरवत फिरवत वाचायला सुरुवात केली. तिच्या आईचं पाळण्यातलं नाव, जे आता घरातही कुणी घेत नाही, ते तिनं वाचलं आणि विचारलं, ही कोण? सगळे हसले. लेक म्हणाली, पुढे वाच.

"बा-र-शा-प्री..."

इथं ती अडली. बोट अक्षरावर ठेवून तिनं दोनदा प्रयत्न केला. आजोबा चष्मा शोधायला लागले, जावई म्हणाले, ‘त्य’, मग रफार बघ, वरचा. आजींनी वाटीत आणखी एक चमचा दहीभात घातला.

"आधी खा," त्या म्हणाल्या, "तळाशी तारीख आहे."